गुरुवारचं विमान आणि मित्राची दारू

मंगळवारी रात्री मी मित्राला सांगून टाकलं होतं की बस, आजपासून थेंबही नाही, गुरुवारी सकाळी परदेशातल्या रिहॅबला, म्हणजे व्यसनमुक्ती केंद्रात जायचं विमान आहे, तिकडे उतरशील तेव्हा निदान माणसात दिसशील. घरातल्या दोन बाटल्या मीच बेसिनमध्ये ओतल्या, तिसरी कपाटात स्वेटरांच्या मागे सापडली, तीही ओतली. मला वाटत होतं मी काय खंबीर वागलोय. वहिनीही म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही होतात म्हणून झालं हे.

बुधवारी सकाळी परदेशातल्या त्या रिहॅबमधून कॉल आला. ॲडमिशनच्या आधी तिथली नर्स पेशंटबद्दल माहिती घेते, तसला. शेवटचं कधी प्यायले, तिने विचारलं. मी ऐटीत सांगितलं, काल रात्री आठ वाजता, बंदच केलीये आम्ही. ती क्षणभर गप्प बसली आणि मग एकामागून एक प्रश्न, आत्ता हात कापतायत का, घाम येतोय का, उलटी, आधी कधी फिट आलीये का, रोज किती प्यायचे, सकाळी उठल्याउठल्या घ्यावी लागायची का. घ्यावी लागायचीच, नाहीतर चहाचा कप धरता यायचा नाही. ती म्हणाली, त्यांना आत्ताच्या आत्ता जवळच्या हॉस्पिटलमध्ये न्या आणि उद्या विमानात अजिबात बसवू नका, आमच्याकडे नंतर या, आम्ही कुठे पळून जात नाही.

मी आतल्या खोलीत जाऊन बघितलं तर हा गादीवर बसलेला, टीशर्ट घामाने चिकटलेला, आणि हात असे थरथरत होते की मला बघवेना.

नंतर डॉक्टरांनी समजावलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम थांबवली की साधारण ६ ते २४ तासांत कंप, घाम, घाबरेपणा सुरू होतो, फिट येण्याचा धोका ६ ते ४८ तासांत असतो, आणि सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे डिलिरियम ट्रेमेन्स, ज्यात माणसाला भास होतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही, ताप चढतो, नाडी धावायला लागते, तो बहुतेक ४८ ते ९६ तासांत गाठतो. वेळेवर उपचार नाही झाले तर यात माणूस जातो. आता माझा हिशोब बघा. मंगळवारी रात्री आठला शेवटचा ग्लास, गुरुवारी सकाळी विमान, म्हणजे फिटचा काळ याने हवेत काढला असता, आणि तिकडे उतरून टॅक्सीत बसेपर्यंत डिलिरियम ट्रेमेन्सचा सुरू. हे सगळं टाइमटेबल मी स्वतःच्या हाताने आखलं होतं, तेही प्रेमापोटी.

कारण एवढंच की दारू मेंदूला सुस्त करते, आणि वर्षानुवर्षं रोज सुस्त केलं की मेंदू तोल राखायला स्वतःला कायम चढ्या आवाजावर ठेवतो. मग एक दिवस दारू काढून घेतली की तो चढा आवाज तसाच राहतो, त्याला दाबणारं काही उरत नाही. डिलिरियम ट्रेमेन्स हे नाव थॉमस सटन नावाच्या इंग्लिश डॉक्टरने १८१३ मध्ये दिलंय, म्हणजे दोनशे वर्षांहून जुनी ही माहिती, आणि माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसाला मात्र वाटत होतं की दारू सोडणं म्हणजे नुसती मनाची तयारी.

हॉस्पिटलमध्ये सहा दिवस काढले. दर काही तासांनी नर्स यायची आणि दहा गोष्टी तपासून मार्क द्यायची, मळमळ, कंप, घाम, अस्वस्थपणा, अंगावर काही सरपटल्यासारखं वाटतंय का, आज तारीख काय वगैरे. त्याला सीवा स्केल म्हणतात, जास्तीत जास्त ६७ मार्क, आणि इथे मार्क कमी पडले की आनंद. त्यावरून शांत करणाऱ्या गोळ्यांचा डोस ठरायचा, क्लोरडायझेपॉक्साइड त्यांचं नाव, आधी जास्त आणि मग रोज थोडी थोडी कमी करत बंद. आणि बी वनची, म्हणजे थायमिनची इंजेक्शनं पहिल्या दिवसापासून. मी म्हटलं व्हिटॅमिनचं एवढं काय, तर डॉक्टर म्हणाले, हा माणूस कित्येक महिने धड जेवलेला नाही, शरीरात थायमिन संपलं की डोळ्यांची हालचाल बिघडते, तोल जातो, गोंधळ उडतो, आणि तेव्हा दुर्लक्ष झालं तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. मी गप्प.

तर सांगायचं हे की डीटॉक्स आणि रिहॅब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मी त्यांची खिचडी केली होती. डीटॉक्स म्हणजे शरीरातून दारू सुखरूप बाहेर काढणं, काही दिवसांचं काम, आणि ते जिथे माणूस आहे तिथेच, डॉक्टरांच्या नजरेखाली व्हायला हवं. रिहॅब त्याच्या पुढचं, आठवडे-महिने चालणारं. परदेशाचा विचार करायचाच तर या दुसऱ्या भागासाठी करा. पहिल्या भागासाठी करायचाच असेल तर तिकडे चोवीस तास डॉक्टर आहे का, आणि प्रवासातले तास कसे काढायचे हे इथला डॉक्टर आणि तिथला डॉक्टर एकमेकांशी बोलून ठरवतायत का, ते बघा. मित्राने किंवा मेव्हण्याने ठरवायची गोष्ट नाहीये ती.

मग परदेश कशाला, असं मला चार जणांनी विचारलं. लाज, दुसरं काय. ऑफिसात कळायला नको, नातेवाइकांत कळायला नको, आणि शिवाय तिसऱ्या दिवशी रिक्षा करून घरी पळून यायची सोय नको. यातलं शेवटचं कारण मला आजही पटतं. पण पळता येत नाही म्हणून ती जागा चांगली असं नाही, एका ठिकाणी तर पासपोर्ट आम्ही ठेवून घेतो असं कौतुकाने सांगत होते. मी फोनच ठेवला. स्वतःच्या मर्जीने आलेला मोठा माणूस, त्याला स्वतःच्या मर्जीने जाता यायला हवं.

या वेळी शोधाशोध मी नव्याने, तीन आठवडे केली. समुद्राचे फोटो, योगा, मसाज, आणि डॉक्टर किती आहेत ते कुठेच लिहिलेलं नाही, असल्या जागा ढिगाने. शंभर टक्के यश म्हणणाऱ्यांना मी लगेच बाद केलं, कारण हा आजार परत डोकं वर काढतो हे या क्षेत्रातला कुठलाही प्रामाणिक माणूस पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. मग ते मधले लोक, गोड बोलून तुम्हाला मोफत सल्ला देणारे, ज्यांना पेशंट पाठवल्याबद्दल रिहॅबकडून कमिशन मिळतं. अमेरिकेत हा धंदा इतका वाढला की २०१८ मध्ये त्यावर वेगळा कायदा करावा लागला. थायलंडमध्ये सराबुरी प्रांतात वाट थमक्राबोक नावाचा मठ आहे, तिथे शपथ घ्यायची आणि वनस्पतींचा काढा पिऊन सगळ्यांसमोर उलट्या करायच्या, जगभरातून लोक जातात. वहिनींना ते फार भावलं होतं, शपथ वगैरे. मी डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, श्रद्धा तुमची, पण याचं शरीर आत्ता उलट्या काढायच्या अवस्थेत नाहीये. विषय संपला.

मी भाषेचा विचारच केला नव्हता. तो त्यानेच काढला, हॉस्पिटलच्या बेडवर. म्हणाला, अरे तिकडे सगळं इंग्लिशमध्ये बोलायचं का, मी मीटिंगमध्ये इंग्लिश बोलतो रे, पण बापाबद्दल कसं बोलू इंग्लिशमध्ये. दिवसातले चार-पाच तास ग्रुपमध्ये बसून बोलणं हाच जिथे इलाज, तिथे माणूस ज्या भाषेत शिव्या देतो आणि रडतो ती भाषा नसेल तर तो फक्त प्रेझेंटेशन देईल. शेवटी अशी जागा मिळाली जिथे एक काउन्सेलर मराठी समजणारी होती, आणि माझ्या मते बाकीच्या सगळ्या सोयी एकीकडे आणि ही बाई एकीकडे.

बारीकसारीक म्हणाल तर ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये दारूमुळे झालेलं आजारपण बहुतेक वेळा धरत नाहीत, पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचा. गोळ्या सोबत नेताना मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शन आणि डॉक्टरांच्या पत्रासकट न्या, झोपेच्या आणि शांत करणाऱ्या बऱ्याच गोळ्यांवर १९७१ च्या आंतरराष्ट्रीय कराराखाली नियंत्रण आहे आणि प्रत्येक देशाचे नियम वेगळे, आधी दूतावासात विचारा. आणि कुणी सांगितलं की डायसल्फिराम, ती दारू सोडवायची गोळी, गुपचूप जेवणात घाला तर त्याला घराबाहेर काढा. ती गोळी पोटात असताना दारू गेली तर चेहरा लाल होतो, छातीत धडधडतं, ब्लड प्रेशर पडतं, जिवावर बेतू शकतं, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ज्याला माहीतच नाही त्याला ती देणं म्हणजे विषप्रयोगच की.

रिहॅबमधल्या डॉक्टरांनी त्याला नाल्ट्रेक्सोन सुरू केलं, त्याने पिण्यातली मजा कमी होते आणि ओढही. लिव्हरच्या टेस्ट बघून, आणि ओपिऑइडवाली, म्हणजे अफूच्या जातीची पेनकिलर चालू नाही ना हे विचारून. आम्हाला परत परत एकच विचारत होते, परत गेल्यावर कोण आहे? पहिल्या आठवड्यात कोणत्या डॉक्टरकडे जाणार, तारीख घेतली का, दारू सोडणाऱ्यांच्या कुठल्या मीटिंगला जाणार? घरच्यांसाठी अल-अॅनॉन नावाचा आधारगट आहे हे वहिनींना तिथूनच कळलं. मला पण विचारलं, तुम्ही याच्यासोबत प्यायचात का. प्यायचो. पंधरा वर्षं. शनिवारचा कार्यक्रम माझ्याच गॅलरीत असायचा, आणि मी सोमवारी ठीक असायचो म्हणून मला वाटायचं माझा काही संबंध नाही.

अल्कोहोलिक्स अनॉनिमसची, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना सांभाळायच्या संघटनेची, सुरुवात कशी झाली ते त्याने मला तिकडून फोनवर सांगितलं. १९३५ साली बिल विल्सन, स्वतः दारू सोडलेला, न्यूयॉर्कहून ॲक्रन नावाच्या गावी धंद्याच्या कामाला गेलेला, काम फिसकटलं, हॉटेलच्या लॉबीत एका टोकाला बार आणि दुसऱ्या टोकाला टेलिफोन. त्याने चर्चच्या लोकांना फोन लावत सुटून दुसरा एखादा दारुडा शोधला बोलायला. तो सापडला, तो डॉक्टर होता, आणि त्या दोघांनी ती सुरू केली. माझा मित्र म्हणाला, बघ, परक्या गावातच होता तोपण.

परत येताना त्याला मधल्या एअरपोर्टवर सहा तास थांबायचं होतं आणि हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, एवढी प्लॅनिंग करून. इथे पहाटेचे तीन वाजलेले, फोन वाजला. म्हणाला, ड्युटी फ्रीच्या समोरच गेट आहे रे, मी पाठ करून बसलोय, तू बोल काहीतरी. काय बोलणार तीन वाजता. मी त्याला आमच्या सोसायटीच्या लिफ्टचं भांडण सांगितलं, पहिल्यापासून, कोणी कोणाला काय लिहिलं, मेंटेनन्सची थकबाकी, सगळं. चाळीस मिनिटं. शेवटी तोच म्हणाला, बास कर, यापेक्षा मी झोपतो.