इंडिया बिल्डिंगकडे पाठ करून

भाच्याकडे मँचेस्टरला पंधरा दिवस होते. चेस्टर, लेक डिस्ट्रिक्ट, वेल्सचे किल्ले, सगळं झालं. फोटो व्हॉट्सॲपवर टाकलेत. लिहायचंय ते लिव्हरपूलच्या वॉटर स्ट्रीटवरच्या चाळीस मिनिटांबद्दल. घरात त्यावरून अजून माझी टिंगल चालू आहे.

हा रस्ता टाऊन हॉलपासून नदीकडे उतरतो. मर्सीवरून येणाऱ्या वाऱ्याने छत्री दोनदा उलटी झाली. तेवढ्यात मंडळींना 'इंडिया बिल्डिंग्ज' सापडली. ब्लू फनेलच्या जहाजवाल्यांनी बांधलेली, भली थोरली. मग काय, देशप्रेम उफाळलं आणि सेल्फी सुरू. "मावशी, इकडे बघ ना!" भाचा हाका मारतोय, आणि मी त्या इंडियाकडे पाठ करून रस्त्यापलीकडे बघत उभी. ओरिएल चेंबर्स, ऑफिसांची एक जुनी इमारत.

दगडाचे बारीक उभे खांब, आणि प्रत्येक दोन खांबांमधून रस्त्यावर डोकावणारी काचेची खिडकी. एकावर एक, एकीशेजारी एक. मोजायला घेतल्या, दोनदा चुकले, सोडून दिलं. आतला सांगाडा ओतीव लोखंडाचा. भार तोच पेलतो, म्हणून दगडाला एवढं सडपातळ राहता आलं. साल 1864, वास्तुकार पीटर एलिस. दोनच वर्षांनी त्या वेळच्या एका नियतकालिकाने याला काचेच्या फुग्यांचं गाठोडं म्हणून हिणवलं होतं. फुगे तर फुगे! अरुंद गल्ल्या, धुरकट आभाळ, विजेचा दिवा नाही. कारकुनाला अक्षर दिसायचं तर खिडकीनेच पुढे होऊन उजेड गोळा करून आणायला हवा.

मी सत्तावीस वर्षं फोर्टातल्या एका ऑफिसात ट्यूबलाइटखाली काढली. खिडक्या होत्या, पण त्यांच्यापुढे फायलींची कपाटं. पाऊस पडतोय की नाही, ते चहाला खाली उतरल्यावर कळायचं. तेव्हा त्या काचांकडे बघून मला कौतुक कमी आणि चक्क हेवा जास्त वाटला.

ही इमारत उभी राहत होती तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस अडला होता आणि आपल्या वऱ्हाडातल्या गाठी मुंबईहून लिव्हरपूलला जात होत्या. उमरावतीचा माल तिथल्या बाजारात 'ऊमराज' म्हणून ओळखला जायचा. माझं माहेर अमरावतीचं. हे भाच्याला सांगितलं, तर म्हणतो, "मग भाडं मागायचं का?"

लोखंडी सांगाड्याचं कौतुक करायला खरं तर इतक्या लांब यायची गरज नव्हती. काळ्या घोड्याजवळचं जुनं वॉटसन हॉटेलही त्याच दशकातलं, त्याचं लोखंड इंग्लंडहूनच आलेलं. त्याच्या खालून मी कितीदा झेरॉक्स काढायला गेले असेन. मान वर केली नाही.

दुसऱ्या महायुद्धात ओरिएलचा काही भाग बॉम्बने गेला. नंतर तिथे नवी जोड दिली आहे. मला ती रुचली नाही, ठिगळ ते ठिगळच. एलिसचीच 16 कुक स्ट्रीट ही दुसरी इमारत जवळच आहे. तिच्या मागच्या बाजूचा लोखंड-काचेचा गोल जिना बघायचा होता. पण मंडळींना भूक लागली.

निघताना पुन्हा वर बघितलं. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी खिडकीच्या त्या पुढे आलेल्या काचेत बसून कागद वाचत होतं. त्याने खाली पाहिलं. मी घाईघाईने छत्री सरळ करायला लागले.