लिंक हातानं जोडायची नाही

बेळगावातल्या शहापूरच्या एका साडी दुकानाची साइट फ्लास्कमध्ये, म्हणजे पायथनच्या वेबसाइट बनवायच्या चौकटीत, करतोय. टेम्पलेटात, म्हणजे पानाच्या साच्यात, लिंकचा पत्ता हातानं जोडायचा नाही, हे माझं पक्कं. पत्ता तयार करून देणाऱ्या फ्लास्कच्या 'यूआरएल_फॉर'ला पान दाखवणाऱ्या फंक्शनचं नाव आणि साडीचा आयडी दिला की झालं. रूटमध्ये (त्या फंक्शनला ठरवून दिलेल्या पत्त्यात) नसलेली पॅरामीटरं, म्हणजे रंग, गाव, पान वगैरे जादा माहिती, आपोआप पत्त्यात प्रश्नचिन्हाच्या पुढं जातात. एन्कोडिंग, म्हणजे पत्त्यात थेट न चालणारी अक्षरं टक्क्याच्या खुणांच्या कोडात बदलणं, हेही 'यूआरएल_फॉर'च करतं. नुसत्या 'निपाणी' या गावाच्या नावाची ५४ कॅरेक्टरं होतात, कारण देवनागरीच्या दर चिन्हाला तीन बाइट आणि दर बाइटला टक्क्याच्या खुणेसकट तीन कॅरेक्टरं. व्हॉट्सअॅपवर तसली लिंक बघून मालक म्हणाले, "व्हायरस शिरला काय हो?"

म्हणून गावाचा आयडीच पाठवतो. तसंही बेळगावचं सरकारी नाव २०१४ला बेळगावी झालं. नावावर बांधलेल्या लिंका कोण दुरुस्त करत बसणार? आता कन्नड पानं हवीत. 'भाषा' हे एक पॅरामीटर वाढवतोय.