मानकुराद फ्रीजमध्ये टाकायची घाई करू नका

दरवर्षी मे महिन्यात तोच प्रकार, कोणीतरी हौसेनं आपल्या गोव्याचे हिरवे मानकुराद आंबे फ्रीजमध्ये ठेवतं आणि मग विचारतं की आंबा पिकला का नाही, साल अशी करड्या डागांची का झाली. अहो आंबा उष्ण प्रदेशातला, त्याला थंडी बाधते! साधारण १२-१३ अंशांच्या खाली कच्चा आंबा बरेच दिवस राहिला की त्याची पिकायची प्रक्रियाच बिघडते, बाहेर काढल्यावर रंग येत नाही, वास येत नाही, आतला गर बेचव. घरचा फ्रीज असतो ४-५ अंशांवर, म्हणजे बघा. आमच्या ओळखीच्या एका बागायतदाराचे आंबे तर भाजीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बटाट्यांबरोबर ठेवले होते, सगळे वाया गेले. इतकं वाईट वाटलं, वर्षभराची मेहनत असते हो ती.

आपल्या मोयरा गावच्या केळ्यांचं पण तेच, १३ अंशांखाली साल काळी पडायला लागते.

पण खरं सांगायचं तर आंबा टिकणार की नाही हे कोल्ड स्टोरेजच्या आधीच, झाडाखाली ठरतं. देठ अगदी मुळाशी तुटला की चिकाची बारीक चिळकांडी उडते, हा चीक आंबटतिखट वासाचा आणि जहाल, सालीवर ओघळला की त्या वाटेवर साल भाजते आणि एकदोन दिवसांत काळपट ओघळ उमटतात. म्हणून देठासकट काढायचा, मग सावलीत देठ छोटा करून आंबा उलटा ठेवायचा, चीक खाली गळून जाऊ दे. आणि काढणी सकाळी उन्हाच्या आधी, दुपारी तापलेला आंबा क्रेटमध्ये भरला की आतल्या आत उकडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे काळे डाग. आपल्याकडची दमट हवा, त्यात मेमधला अवकाळी पाऊस, मग करपा हा बुरशीचा रोग येणारच. ही बुरशी हिरव्या फळाच्या सालीत गुपचूप बसून राहते, काहीच दिसत नाही, आंबा पिकायला लागला की डोकं वर काढते. म्हणून फळ काढल्यावर लवकरात लवकर गरम पाण्यात बुडवतात, ५२ अंशांच्या आसपास, ५ ते १० मिनिटं. औषध नाही काही नाही, नुसतं पाणी! पण थर्मामीटर हवाच, हाताच्या अंदाजानं केलं तर एकतर बुरशी मरत नाही नाहीतर आंबाच शिजतो. नंतर गार करून, पूर्ण सुकवून मगच अढीत घालायचे.

एक्सपोर्टवाले फळमाशी मारायला ४८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात ते वेगळं, त्यात गोंधळ करू नका.

आणि आंबा पिकवायला कार्बाइड नको म्हणजे नकोच, त्याच्यावर बंदी आहे, त्यात आर्सेनिकचे अंश असू शकतात. घाई असेल तर इथिलीन गॅसचे रायपनिंग चेंबर असतात, १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) परवानगी आहे, फळ स्वतः पिकताना सोडतं तोच हा गॅस. घरी मात्र गवताची अढी बेस्ट, रोज एकदा हात फिरवून नासका बाजूला काढायचा, नाहीतर शेजारच्यालाही घेऊन जातो. पूर्ण पिकला की मग खुशाल फ्रीजमध्ये ठेवा, चार दिवस मस्त राहतो.

मला मनापासून वाटतं की आपल्या डिचोली-सत्तरीच्या बागांजवळ १३ अंशांची, ८५-९० टक्के आर्द्रतेची एखादी छोटी खोली असायला हवी, नीट हाताळलेला आंबा तिथं दोन-तीन आठवडे निघतो. सुरुवातीला मानकुरादला सोन्याचा भाव, आणि सीझन भरात आला की शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात संध्याकाळी मिळेल त्या दराला विकायची पाळी, ते तेवढे दोन आठवडे हातात असतील तर शेतकऱ्याला थांबता तरी येईल. २०२३ मध्ये मानकुरादला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, छान झालं, आता फळ टिकवायचंही बघूया. आमच्या वाड्यावर चार घरं मिळून गरम पाण्याची टाकी करायचं चाललंय, थर्मामीटर आधी घेणार, टाकी नंतर.