उष्णता अडवणारी भिंत आणि तिच्या पोटातली रसायने

इमारतीची ऊर्जा वाचवायची की तिच्यातील विषारी रसायने टाळायची, आणि दोन्ही एकाच वेळी साधता येते का, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. बांधकामाचे साहित्य निवडून देणे हे माझे काम असल्यामुळे विचारणाऱ्याची कोंडी मला समजते. त्याला हवामानबदलाची काळजी असते आणि त्या इमारतीत राहणाऱ्या माणसांचीही. सल्ला देणारे मात्र या दोन गोष्टींबद्दल दोन निरनिराळ्या दिवशी बोलतात. तुम्ही विचारलेत म्हणून सांगते: हा पेच बहुतेक वेळा वरवरचा असतो. पण त्यात जे खरे आहे ते आधी मान्य केले पाहिजे.

जे खरे आहे ते भिंतीच्या पोटात आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर थंड प्रदेशांतील सरकारांनी घरे ऊबदार आणि हवाबंद करण्याचा सपाटा लावला. कॅनडाने घरमालकांना अनुदान दिले आणि तिथल्या कितीतरी घरांच्या पोकळ भिंतींत युरिया आणि फॉर्मल्डिहाइड (एक झोंबणारा वायू) यांपासून बनणारा फोम भरला गेला. तो जागेवरच मिसळून भरायचा असे. मिश्रण बिघडले की जास्तीचे फॉर्मल्डिहाइड भिंतीतून खोलीत येत राही. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, श्वासाचा त्रास अशा तक्रारी वाढल्या आणि डिसेंबर १९८० मध्ये त्या फोमवर बंदी आली. जो फोम भरण्यासाठी सरकारी पैसा गेला, तोच काढण्यासाठी पुढे पुन्हा सरकारी मदत द्यावी लागली. घर हवाबंद करताना आतल्या हवेत काय मिसळणार आहे हे कोणी विचारले नाही, एवढाच त्याचा अर्थ. इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, हीच चूक होती असा त्याचा अर्थ मी घेत नाही.

पुढच्या काळातील फोमही निर्दोष नव्हते. पॉलिस्टायरीनच्या (थर्माकोलसारख्या) फळ्यांमध्ये आग आवरण्यासाठी एचबीसीडी नावाचे ब्रोमीनयुक्त रसायन वर्षानुवर्षे मिसळले जात होते. ते निसर्गात सहजासहजी विघटित होत नाही, सजीवांच्या शरीरात साठते आणि अन्नसाखळीतून वर सरकते. म्हणून २०१३ मध्ये, अशा टिकाऊ विषारी रसायनांवरील आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराने त्याला बंदीच्या यादीत टाकले. फोम फुगवण्यासाठी लागणाऱ्या वायूंचे प्रकरण तर याहून मोठे. सीएफसी-११ या वायूने ओझोनचा थर विरळ केला, शिवाय उष्णता धरून ठेवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट समर्थ आहे. जगभरातील त्याचे उत्पादन २०१० पर्यंत थांबायचे होते. तरीही २०१८ मध्ये शास्त्रज्ञांच्या लक्षात आले की हवेतील त्याचे प्रमाण अपेक्षित वेगाने घटत नाही, म्हणजे कुठेतरी ते नव्याने तयार होत आहे. पुढच्याच वर्षीच्या अभ्यासाने या वाढीचा मोठा वाटा पूर्व चीनमधील प्रांतांत असल्याचे दाखवले आणि त्याचा वापर प्रामुख्याने इन्सुलेशनच्या फोमसाठी होत असल्याचे दिसून आले. सीएफसीच्या जागी आलेला एचएफसी-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,३०० पट तापमानवाढ करतो. ओझोन वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारात २०१६ मध्ये झालेल्या किगाली दुरुस्तीनंतर तोही मागे घेतला जात आहे. अशा वायूने फुगवलेली जाड फळी ऊर्जा वाचवण्यासाठी लावली, तर त्या बचतीतील बरीच वर्षे फळीने आधीच केलेले नुकसान भरून काढण्यात जातात.

आरोग्य आणि हवामान यांची गाठ इथेच पडते, कारण या साहित्याचे मूळ एकच आहे: खनिज तेल आणि वायू यांच्यापासून सुरू होणारे रसायनशास्त्र. पीव्हीसी हे नळ आणि फरशीसाठी वापरले जाणारे प्लास्टिक घ्या. त्याच्या वजनातील सुमारे ५७ टक्के भाग क्लोरीन असतो आणि मिठाच्या पाण्यातून क्लोरीन वेगळे काढायला प्रचंड वीज लागते. ज्या व्हिनिल क्लोराइडपासून ते बनते, ते माणसात कर्करोग घडवणारे म्हणून सिद्ध झाले आहे. फरशीसाठी ते लवचीक करायचे तर प्लास्टिसायझर मिसळावे लागतात, आणि त्यांतील थॅलेट गटातली काही रसायने शरीरातील संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात. पीव्हीसी जळाले की हायड्रोजन क्लोराइडचा धूर होतो. कारखान्यातील कामगार, घरातील रांगते मूल आणि वातावरण या तिघांचे हिशेब एकाच वस्तूच्या खात्यावर मांडता येतात.

मग निवड कशी करायची? मी पहिल्यांदा विचारते की ही वस्तू मुळात हवी आहे का. चुन्याच्या गिलाव्यावर व्हिनिलचा वॉलपेपर, चांगल्या छताखाली खोटे छत, काँक्रीटच्या नितळ जमिनीवर प्लास्टिकची फरशी, असे थरावर थर चढवण्याची सवय सोडली की रसायने घटतात आणि वस्तू बनवण्यात जाणारा कार्बनही घटतो. दुसरा प्रश्न जोडणीचा. जिथे स्क्रू चालतो तिथे सहसा चिकटद्रव्य लागत नाही, आणि स्क्रूने बसवलेली फळी पुढे काढून दुसरीकडे लावता येते.

फर्निचरच्या फळ्यांचा विषय थोडा सविस्तर सांगते. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ यांतला लाकडाचा भुसा बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या रेझिनने (डिंकासारख्या चिकट द्रव्याने) बांधलेला असतो आणि ओलावा व उष्णता वाढली की ते रेझिन हळूहळू फुटून फॉर्मल्डिहाइड सोडते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला कर्करोगजनकांच्या पहिल्या, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात हे सिद्ध झालेल्यांच्या, गटात घातले. फीनॉलवर आधारित रेझिनमधून ते फारच कमी बाहेर पडते. आयसोसायनेटवर आधारित रेझिनमध्ये ते नसते, पण तिथे कारखान्यातील कामगाराला दम्याचा धोका असतो. कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका, हे मी प्रत्येक सुताराला सांगते, कारण वायू सर्वांत जास्त तिथूनच सुटतो.

एक रसायन काढून त्याचा सख्खा भाऊ घालण्याची खोड या उद्योगाला जुनी आहे. अर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये मुलांच्या रात्रीच्या कपड्यांतील ‘ट्रिस’ या अग्निरोधकाच्या धोक्याकडे लक्ष वेधले. ते गेले, त्याच्या जागी क्लोरीनयुक्त ट्रिस आले, तेही कपड्यांतून हटले आणि काही दशकांनी सोफ्याच्या फोममध्ये सापडले. म्हणून मी नावे पाठ करत बसत नाही. संपूर्ण कुळच टाळता येते का ते पाहते. आगीचे भय मी हलके लेखत नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये जून २०१७ मध्ये ७२ माणसे गेली, आणि तिथे ज्वलनशील आवरण व त्यामागचा फोम हे नूतनीकरणातच लावलेले होते. उंच इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर मुळात न जळणारी खनिज लोकर (दगड वितळवून काढलेले तंतू) लावावी, हेच त्याला माझे उत्तर आहे. उलट काँक्रीटच्या थराखाली जमिनीत दाबलेल्या फोमच्या फळीला आग लागणार तरी कुठून, आणि तिच्यात अग्निरोधक कशासाठी?

कागदपत्रांबाबत एकच सांगते. वस्तूचा पर्यावरण अहवाल कार्बनचा आकडा देतो. आत कोणते घटक आहेत हे तो सांगेलच असे नाही, त्यासाठी घटकांचे वेगळे घोषणापत्र मागावे लागते. जो उत्पादक ते देत नाही, त्याच्या डब्यावरील हिरव्या पानाला मी किंमत देत नाही.

कॉर्क, लाकडाचा तंतू, पेंढा, हेम्प (भांगेच्या जातीची वनस्पती) आणि चुन्याचे मिश्रण, जुन्या कागदाचा सेल्युलोज हे पर्याय मला आवडतात, कारण वनस्पतीने वाढताना हवेतून घेतलेला कार्बन त्यांत काही काळ अडकून राहतो. मात्र नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असे मी मानत नाही. जवसाच्या तेलापासून बनणारे लिनोलियमही सुरुवातीला अल्डिहाइड सोडते. दगड कापणाऱ्याच्या फुप्फुसात जाणारी सिलिका, म्हणजे दगडातल्या स्फटिकांची बारीक धूळ, तर पूर्णपणे नैसर्गिकच. रेझिनने बांधलेल्या ज्या कृत्रिम दगडात ती भरपूर असते, त्यावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून बंदी घातली, आणि ती ओट्यासमोर उभ्या राहणाऱ्यांसाठी नव्हती, तो ओटा कापणाऱ्या कामगारांसाठी होती.

राहिला प्रश्न जुन्या इमारतींचा, जो याच ओघात हटकून येतो. धड असलेला ॲस्बेस्टॉसचा पत्रा किंवा रंगाच्या नव्या थरांखाली दबलेला जुना शिशाचा रंग घाईने ओरबाडून काढणे, तसेच ठेवण्यापेक्षा अनेकदा अधिक घातक ठरते. कोरडा सॅंडपेपर किंवा ड्रिल लावण्याआधी त्याची तपासणी करून घ्यावी, आणि काढायचेच झाले तर ते काम प्रशिक्षित माणसांकडून, धूळ न उडवता, ओले ठेवून आणि घरातील मुलांना दूर पाठवून करावे.