नळी कापली आणि फोकस सापडला

सहा इंची न्यूटोनियन, म्हणजे आरशांची दुर्बीण घेऊन तिला डीएसएलआर लावणाऱ्या बहुतेकांची पहिली रात्र सारखीच जाते. कॅमेरा बसतो तो सरकता फोकसर पार आत ढकलला तरी चंद्र धूसरच. माझंही तेच झालं. डोळा लावला की शनीची कडी कोरल्यासारखी दिसायची आणि कॅमेऱ्यात नुसता पांढरा गोळा. दुर्बिणीत बिघाड काहीच नव्हता. ती डोळ्यासाठी बनवलेली होती, एवढंच. डोळ्याची दुर्बीण आणि कॅमेऱ्याची दुर्बीण यांतला फरक चक्क पट्टीने मोजता येतो.

माझ्या दुर्बिणीचा मुख्य आरसा १५० मिमी व्यासाचा, एफ/५, म्हणजे फोकल लेंग्थ व्यासाच्या पाचपट, ७५० मिमी. आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, बसवायचा तर प्रतिमा फोकसरच्या तोंडाबाहेर थोड्या अंतरावर पडली तरी भागतं. कॅमेऱ्याचं तसं नाही. कॅननच्या डीएसएलआरमध्ये लेन्स बसते त्या कड्यापासून सेन्सर ४४ मिमी आत असतो. वर टी-रिंगची, म्हणजे कॅमेरा दुर्बिणीला जोडणाऱ्या कड्याची जाडी धरली की हिशोब ५५ मिमीवर जातो. तेवढी प्रतिमा बाहेर आली नाही तर फोकस होणारच नाही, मग कॅमेरा कितीही महागाचा असो.

सगळ्यात पहिला सल्ला मिळतो तो बार्लो, म्हणजे प्रतिमा मोठी करणारं भिंग लावण्याचा. बार्लोने प्रतिमा बाहेर सरकते हे खरं, पण दोन पट बार्लोने एफ/५ चा एफ/१० होतो आणि तेवढाच प्रकाश गोळा करायला चौपट वेळ लागतो. चंद्राला आणि ग्रहांना ठीक आहे. मृगातल्या तेजोमेघासाठी एफ/५ ची दुर्बीण घ्यायची आणि तिचा एफ/१० करायचा, हे मला पटेना. दुसरा मार्ग म्हणजे मुख्य आरसाच नळीत पुढे आणायचा. आरसा जितका पुढे येईल तितकीच प्रतिमा फोकसरमधून बाहेर येते.

किती पुढे, हे अंदाजाने ठरवायचं नव्हतं. पौर्णिमेच्या आसपास गच्चीवर दुर्बीण चंद्रावर रोखली, फोकसर पूर्ण आत घेतला आणि तोंडासमोर ट्रेसिंग पेपरचा तुकडा धरून पुढे-मागे केला. एका जागी कागदावर चंद्र स्वच्छ उमटतो. ७५० मिमी फोकल लेंग्थला त्याची प्रतिमा साडेसहा-सात मिलिमीटरची असते, पण काळे डाग ओळखू येतात. तिथपर्यंतचं अंतर व्हर्नियरने मोजलं, ३२ मिमी भरलं. हवे होते ५५, म्हणजे तूट २३ ची. कोमा करेक्टरसाठी (कोपऱ्यांतले तारे सुधारणारं भिंग, त्याबद्दल पुढे) आणि फोकसर मागे-पुढे करायला थोडी जागा धरून ३० मिमी नक्की केले.

नळीला हात लावण्याआधी एक हिशोब करावाच लागतो. आरसा पुढे आला की दुय्यम आरशावर, म्हणजे प्रकाश फोकसरकडे वळवणाऱ्या छोट्या तिरक्या आरशावर पडणारा प्रकाशाचा शंकू रुंद होतो. माझ्या दुर्बिणीत दुय्यम आरशापासून फोकसपर्यंतचं अंतर १८३ मिमी होतं, ते २१३ होणार होतं. एफ/५ चा शंकू म्हणजे २१३ भागिले ५, साधारण ४३ मिमी. माझा लंबगोल दुय्यम आरसा लघुअक्षावर ४७ मिमीचा. बसतं, पण जेमतेम. पूर्ण प्रकाश मिळणारं वर्तुळ सेन्सरच्या मधोमध फक्त सहा मिमीचं उरतं आणि माझ्या कॅमेऱ्याच्या एपीएस-सी मापाच्या सेन्सरचा कर्ण तर २७ मिमीच्या घरात. कोपरे काळवंडणार हे उघड होतं. मी ते मान्य केलं, कारण फ्लॅट फ्रेम, म्हणजे एकसारख्या उजळ पृष्ठभागाचा फोटो घेऊन ती कसर नंतर भरून काढता येते. दुय्यम आरसा मोठा घेतला असता तर मुख्य आरशावरची सावली वाढून कॉन्ट्रास्ट गेला असता. आत्ताच ती व्यासाच्या ३१ टक्के आहे.

मुख्य आरशाच्या बैठकीला मागून ओठ असतो, त्यामुळे ती नळीत आत सरकवता येत नाही. नळीच मागून ३० मिमी कापायची. आमच्याकडे ग्रिल आणि गेट बनवणारे एक मामा आहेत. दोन्ही आरसे घरी कपाटात ठेवून रिकामी नळी त्यांच्याकडे नेली.

“साहेब, नवीकोरी वस्तू आहे की ही. कशाला कापताय?”

“फोकस बाहेर काढायचाय, मामा.”

त्यावर त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि ग्राइंडर उचलला. “दोन मिनिटांत मोकळी करतो.” ग्राइंडर मला नको होता. पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा, त्याच्या उष्णतेने आतला काळा रंग फुगून निघतो आणि काप तिरका गेला तर आरशाची बैठकच तिरकी बसते. चार्ट पेपरची रुंद पट्टी नळीभोवती गुंडाळली. पट्टीच्या दोन्ही टोकांच्या कडा एकमेकींवर तंतोतंत बसल्या की ती रेघ नळीला काटकोनात आहे असं समजायचं. आतून प्लायवूडची गोल चकती ठोकली, म्हणजे दाबाने नळी लंबगोल होणार नाही. मग बारीक दातांच्या हॅक्सॉने नळी फिरवत फिरवत मामा सगळीकडून थोडं थोडं कापत गेले. कुरकुरत का होईना, मामांनी काम फार सुंदर केलं. कडा कानशीने घासून झाल्यावर त्यांनी आपणहून गुण्या लावून काप चारी बाजूंनी तपासला आणि बैठकीच्या स्क्रूंसाठी नवी भोकं पाडून दिली. लोखंडाचा कीस नळीत राहता कामा नये, म्हणून आधी चुंबक आणि मग ओलं फडकं फिरवलं.

त्या संध्याकाळी कॅमेऱ्यात चंद्र फोकस झाला. खरं काम तिथून सुरू झालं, कारण तारे गोल येत नव्हते.

ताऱ्याचा आकार हा इथे रोगनिदानाचा भाग आहे. माझ्या फोटोंत ठळक तारे त्रिकोणी येत होते. एवढं दिसलं की आरशाच्या क्लिपांकडे जायचं. तीन क्लिपा आरसा घट्ट दाबून धरत असतील तर काच किंचित पिळवटते, आणि गारठ्यात धातूची बैठक काचेपेक्षा जास्त आकसते तेव्हा ती पकड आणखी वाढते. क्लिपांचे स्क्रू इतके सैल केले की आरसा आणि रबर यांच्यामधून कागद सरकावा. आरसा पडत नाही, फक्त मोकळा श्वास घेतो. ठळक ताऱ्यांभोवती क्लिपांच्या सावल्यांमुळे खरबरीत किरणंही येत होती. त्यासाठी काळ्या कार्डशीटचं कडं कापून क्लिपांवर बसवलं. आरशाचा वापरात येणारा व्यास १४४ मिमी झाला, म्हणजे आठ टक्के प्रकाश गेला. गेला तर गेला.

दुसरी खोड वेगळी होती. व्याधासारख्या तेजस्वी ताऱ्याच्या गोळ्याला एका बाजूने चावा घेतल्यासारखा दिसायचा. फोकसरची आतली नळी प्रकाशाच्या वाटेत डोकावत होती. आयपीसने बघताना हे कधीच लक्षात येत नाही. ती नळी लेथवर बारा मिमी कमी करून घेतली आणि आतून मॅट काळा रंग मारला. त्याच झटक्यात फोकसरच्या समोरच्या भिंतीवर काळी मखमल चिकटवली. पुण्यात रविवार पेठेत मीटरवर मिळते. फक्त धागे न सोडणारी बघून घ्यायची. दुय्यम आरशाची घासलेली कडा काळ्या मार्करने रंगवली. नळीच्या मागच्या तोंडावर काळ्या कापडाचं टोपण घातलं, कारण शेजारच्या सोसायटीचा एलईडी दिवा मुख्य आरशाच्या कडेने सरळ आत शिरत होता.

आता कोलिमेशन, म्हणजे दोन्ही आरसे एकमेकांशी नीट जुळवणं. याविषयी लोक लेझरचं नाव आधी घेतात. माझं मत विचाराल तर स्वस्त लेझरपेक्षा साधा चेशायर आयपीस बरा, बघायला बारीक छिद्र आणि छेदणाऱ्या तारा असलेला. लेझर स्वतःच तिरका असेल तर तो बिनधास्तपणे चूक जागा दाखवतो. तुमच्याकडे असलाच तर दोन खिळ्यांच्या जोडीवर आडवा ठेवून फिरवा. समोरच्या भिंतीवरचा ठिपका वर्तुळ काढायला लागला तर आधी लेझर सरळ करायला हवा.

क्रम असा. आधी दुय्यम आरसा फोकसरच्या बरोबर मधोमध आणि गोल दिसायला हवा. मग त्याचा कल असा ठेवायचा की मुख्य आरशावरची मधली खूण चेशायरच्या तारांच्या छेदावर येईल. शेवटी मुख्य आरशाचे स्क्रू. एफ/५ ला दुय्यम आरशाची सावली थोडी मुख्य आरशाच्या बाजूला सरकलेली दिसते. ते तसंच असतं, ती मधे ओढायला जाऊ नका.

माझा सगळा वेळ खाल्ला तो दुय्यम आरशाच्या तीन स्क्रूंनी. त्यांची टोकं मागच्या मऊ धातूत खड्डे पाडतात आणि मग प्रत्येक वेळी स्क्रू घसरून त्याच खड्ड्यात जाऊन बसतो; पाव आटा फिरवायला जावं तर आरसा भलतीकडेच वळतो. इंजिन ऑइलच्या रिकाम्या डब्याचं प्लास्टिक गोल कापून, मधे भोक पाडून स्क्रू आणि धातूच्या मधे घातलं, वर स्टीलचा वॉशर. त्यानंतर तो आरसा अगदी शहाण्यासारखा वागायला लागला. मुख्य आरशाच्या स्प्रिंगाही लेच्यापेच्या होत्या. बोहरी आळीत जाड तारेच्या स्प्रिंगा चार-पाच लांबींच्या आणून बघितल्या आणि त्यातल्या बसल्या त्या ठेवल्या.

शेवटची परीक्षा ताऱ्यावर. ध्रुव तारा सोयीचा, कारण तो जागचा फारसा हलत नाही. मोठं वर्धन लावून फोकस किंचित बिघडवला की तारा मेदूवड्यासारखा दिसतो. मधलं भोक मधोमध असलं की आरसे जुळले. ध्रुवावर जुळवून दुर्बीण डोक्यावर नेली तेव्हा माझा वडा एका बाजूला झुकला. कॅमेऱ्याच्या वजनाने फोकसरखालचा पातळ पत्रा वाकत होता. नळीच्या आतून तिच्या गोलाईत वाकवलेली ॲल्युमिनियमची पट्टी बोल्टने कसल्यावर ते थांबलं. पैसे खर्च करायचे असतील तर मी दहास एक गतीच्या दुहेरी चाकाच्या फोकसरवर करेन, बाकी कशावर नाही. एफ/५ ला फोकसची सहनशक्ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. रात्रीतून पारा दहा अंशांनी उतरला तर सातशे मिमीची पोलादी नळी सुमारे ०.०८ मिमी आकसते, आणि तेवढ्यानेही तारे सुजतात. म्हणून बाहतिनोव्ह मास्क जवळच असतो. २००५ मध्ये पावेल बाहतिनोव्ह या रशियन हौशी खगोलप्रेमीने काढलेली ही खाचांची जाळी दुर्बिणीच्या तोंडावर लावली की ताऱ्याला तीन किरणं फुटतात, आणि मधलं किरण बरोबर मधे आलं की फोकस झाला. कार्डशीटची घरी कापलेलीही चालते.

कोमा करेक्टरचं थोडक्यात. पॅराबोलिक आरसा मधोमध निर्दोष असतो, पण एफ/५ ला ती निर्दोष जागा तीन मिलिमीटरहूनही कमी. कोपऱ्यांतल्या ताऱ्यांना शेपट्या फुटणारच. करेक्टर घ्यावाच लागतो आणि त्याच्या मागच्या कडेपासून सेन्सर ५५ मिमीवर हवा. मधे फिल्टर घातला तर त्या काचेच्या जाडीचा साधारण तिसरा हिस्सा अंतरात वाढवायचा.

माउंटबद्दल, म्हणजे दुर्बीण पेलून ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या बैठकीबद्दल लिहायला बसलो तर वेगळा लेख होईल. पण पुण्यातल्या वाचकांना एक सांगायला हवं. आपल्याकडे ध्रुव तारा क्षितिजापासून फक्त साडेअठरा अंशांवर असतो. गच्चीच्या उत्तरेला टाकी असेल तर तो दिसतही नाही, आणि माउंट इतका खाली कलवला की वजनाचा दांडा तिपाईच्या उत्तरेकडच्या पायाला आपटायची भीती. मी तिपाई वळवून तो पाय दक्षिणेकडे घेतला. याची भरपाईही आहे म्हणा: युरोपातल्या बहुतेकांना न दिसणारा ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ पुण्याहून चोवीस अंशांपर्यंत वर येतो.

हे सगळं पावसाळ्यात करावं, असं मी सुचवेन. जून ते सप्टेंबर तसंही आकाश मिटलेलं असतं आणि दुर्बीण उघडून ठेवल्याचं वाईट वाटत नाही. फक्त काढून ठेवलेले आरसे सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात हवेत, नाहीतर दमट हवेत बुरशीची जाळी धरते. अडल्यावर विचारायला माणसंही आहेत. ज्योतिर्विद्या परिसंस्था पुण्यात १९४४ पासून आहे, आणि आयुका या खगोलसंशोधन संस्थेतल्या कार्यशाळांमध्ये हाताने आरसे घासून दुर्बिणी बनवलेली मंडळी या शहरात भेटतात. त्यांना तुमच्या क्लिपा दाखवल्या तर ती हसतील, पण मदत करतील.

दिवाळीनंतर वेल्ह्याच्या पुढे एका माळावर मृगाचा तेजोमेघ घेतला. पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा, म्हणजे ७५० मिमीला प्रत्येक पिक्सेल सुमारे १.२ कोनीय सेकंदांचा. बाहेरचे पंख भरून यायला मोठी एक्स्पोजर आणि मधल्या ट्रपेझियमचे चार तारे जळू नयेत म्हणून काही अगदी छोटी, दोन्ही जोडून. चारही तारे सुटे दिसतात. डावीकडचा वरचा कोपरा सोडला तर तारे गोल आहेत. तो एकच कोपरा ताणलेला येतो, म्हणजे दोष करेक्टरचा नाही, कॅमेरा किंचित तिरका बसतोय. टी-रिंग तीन बारीक स्क्रूंवर धरलेली असते, तिथे खेळ आहे. आटे पाडलेली अखंड रिंग लेथवाल्याला काढायला दिली आहे. माप दोनदा सांगून झालंय. तो म्हणतो, आधी कंपनीची ऑर्डर, मग तुमचा चंद्र.