जावामध्ये रंगीत चौकोनांची जाळी

काल रात्री जावा या प्रोग्रामिंग भाषेत एक छोटंसं काम केलं आणि अजून त्याच नादात आहे. ४०० बाय ४०० पिक्सेलचं पॅनल, त्यात १० ओळी १० कॉलम, म्हणजे ४० पिक्सेलचे १०० चौकोन आणि प्रत्येकाला रँडम रंग. एकात एक दोन फॉर लूप (तेच काम परत परत करून घेणारा कोड), कॉलमचा नंबर ४० ने गुणला की एक्स, ओळीचा गुणला की वाय, मग सेटकलरने रंग निवडायचा, फिलरेक्टने चौकोन भरायचा, झालं. लाल, हिरवा, निळा तिन्हीसाठी (प्रत्येकाचा आकडा ० ते २५५) रँडम आकडा देणाऱ्या नेक्स्टइंटला २५६ द्यायचे हं, २५५ दिले तर २५५ कधीच येणार नाही, कारण वरची हद्द त्यात धरत नाहीत.

खरी गंमत पुढेच आहे. विंडो जरा ओढून मोठी केली की सगळे रंग बदलायचे! स्विंग, म्हणजे जावाची विंडो-बटणं बनवायची लायब्ररी, चित्र काढणारं पेंटकंपोनंट स्वतःहून परत परत बोलावतं आणि मी रंग तिथेच बनवत होतो. मग कन्स्ट्रक्टरमध्येच (पॅनल तयार होताना एकदाच चालणारा कोड) एकदा रंग बनवून १० बाय १० च्या तक्त्यात, म्हणजे अ‍ॅरेत ठेवले, पेंट करताना फक्त वाचायचे. आता जाळीचे रंग आपोआप बदलत नाहीत, नवे रंग हवे असले की बटण दाबायचं, अ‍ॅरे नव्याने भरायचा आणि रीपेंट, म्हणजे परत रंगवायला सांगायचं. एक चौकोन अगदी पावसाळ्यातल्या शेवाळासारखा आलाय, फार आवडला, त्याचे तिन्ही आकडे वहीत लिहून ठेवलेत.