एक किलो रस, तीन मांडे

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीनं निंबाच्या झोक्यावर बसायचं, असा आमच्या खान्देशातला रिवाज. यंदा मी झोक्याच्या आधी भाचीच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकावर बसले. ओट्यावर उघडं पडलं होतं, दिसलंच नाही. पेपर आठवड्यावर आलेला, त्यामुळे तिला माझ्यापेक्षा पुस्तकाची काळजी जास्त.

"आत्या, बसलीच आहेस तर हे गणित तरी सांग."

पंचवीस वर्षांपूर्वी मी बी.कॉम. झाले, ते घरात अजून कोणी विसरलेलं नाही. गणित जुनंच होतं. डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १८१७ साली मांडलेलं. ठरावीक कापड करायला इंग्लंडमध्ये वर्षभर १०० माणसं लागतात, ठरावीक वाइनला १२०. पोर्तुगालात कापडाला ९०, वाइनला ८०. म्हणजे दोन्हींत पोर्तुगालच वरचढ. तरीही त्यानं वाइनच करावी आणि कापड इंग्लंडकडून घ्यावं, असं रिकार्डो म्हणतो. भाचीचं म्हणणं, ज्याला सगळं येतं त्यानं दुसऱ्याच्या दारात जायचंच कशाला?

मी परसात पाटावर बसून आंबे घोळून पिळत होते. समोर चुलीवर खापर उपडं, आणि त्यापाशी घरातली थोरली बाई, आमची मोठी माय. पुरण भरलेला गोळा तिच्या दोन्ही हातांवर फिरत फिरत कोपरापर्यंत पसरायचा आणि अलगद खापरावर उतरायचा. भाचीला म्हटलं, पोर्तुगाल राहू दे, इकडे बघ. तासाभरात मोठी माय १५ मांडे करते. आंबे दिले तर ५ किलो रस काढेल. मी तासाला ३ किलो रस काढते आणि मांडे, देवाची शपथ घालून, ३.

"तुझे मांडे मोजायचे?"

मोजायचे. मोठी माय एक किलो रसाला बसली तर घरातले तीन मांडे बुडतात. मी बसले तर एकच बुडतो, तोही तसा खाण्याजोगा नसतोच. बुडालेल्या मांड्यांना पुस्तकात संधी खर्च म्हणतात. रस काढण्यात मी तिच्याहून मंद आहे, पण माझा रस घराला स्वस्त पडतो. तुलनात्मक लाभ म्हणजे एवढंच.

भाची पेन्सिल घेऊन बसली. दोघींनी दोन्ही कामं एकेक तास केली तर १८ मांडे आणि ८ किलो रस. त्याऐवजी मी दोन्ही तास रसच काढला आणि मोठी माय एक तास वीस मिनिटं खापरापाशी बसून उरलेली चाळीस मिनिटं माझ्या मदतीला आली, तर २० मांडे आणि ९ किलोच्या वर रस. माणसं तीच, वेळ तोच, चूल तीच. भाचीनं दोनदा पडताळून पाहिलं. मीसुद्धा मनातल्या मनात पाहिलं, कारण परीक्षेत मी हे नुसतं पाठ करून लिहिलं होतं.

पुढच्या पानावर मागणी-पुरवठा. त्यातलं मला एकच लक्षात राहिलेलं: भाव बदलला म्हणून मागणी हलली तर तो विस्तार किंवा संकोच, आणि भाव तोच असून दुसऱ्या कशानं हलली तर वृद्धी किंवा ऱ्हास. एकात बिंदू आलेखातल्या वक्रावरून सरकतो, दुसऱ्यात अख्खा वक्रच जागा सोडतो. इथे आमचं भरताचं वांगं कामाला येतं. चातुर्मासात वांगं न खाणारी घरं गावात अजून आहेत. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की हीच घरं वांग्यावर तुटून पडतात. त्याच भावाला मागणी जास्त, म्हणजे मागणीचा वक्र उजवीकडे. पण थंडीत वांगीही ढिगानं येतात, म्हणजे पुरवठ्याचाही वक्र उजवीकडे. मग भाव वाढेल की पडेल? भाची पटकन म्हणाली, वाढेल. चुकली. वांगी जास्त खपणार एवढंच नक्की. भाव कुठे जाईल ते कोणता वक्र किती सरकला यावर. असा प्रश्न पेपरात हमखास असतो आणि निम्मी पोरं त्यात पडतात. मीही पडले होते.

तेवढ्यात भाऊ बागेतून आला. त्याला म्हटलं, पुरवठ्याची लवचिकता, म्हणजे भाव हलला की पुरवठा किती हलतो, ते सांग हिला. त्यानं आधी तांब्याभर पाणी प्यायलं. मग म्हणाला, "कापूस घरात भरून ठेवता येतो. झोपायला जागा नाही राहत, अंगाला खाज सुटते, पण भावाची वाट पाहता येते. केळीचा घड तयार झाला का त्याले काप म्हणावं लागत नाही, तोच आपल्याले कापतो." आणि आत निघून गेला. भाचीनं ते तसंच्या तसं वहीत लिहून घेतलं. पेपर तपासणारा केळीच्या पट्ट्यातला, रावेर-यावलकडचा निघाला तर पूर्ण गुण मिळतील.

मोठी माय इतका वेळ गप्प होती. ऊन चाळीस अंशांच्या पुढे आणि त्यात चुलीचा जाळ. पदरानं कपाळ पुसत तिनं विचारलं, "म्हणजे मले चांगले मांडे येतात म्हणून मी जाळापाशी, आन् तुले येत नाही म्हणून तू सावलीत?"

गणिताप्रमाणे बरोबर तेच होतं. खोटं बोलता येईना.

"चाळीस वर्षं झाली. मले बी रस पिळायची हौस आहे ना माय."

रिकार्डोच्या तक्त्यात माणसं किती लागतात ते आहे, उकाडा किती लागतो त्याचा रकाना नाही. मी उठले, हात धुतले आणि खापरापाशी बसले. पहिला मांडा हातावरच फाटला. दुसरा खापरावर पोचला, पण त्याच्या भोकांतून खापर दिसत होतं. भाचीनं वहीत माझ्या नावापुढचा ३ खोडला आणि तिथं २ लिहिला. मोठी माय माठाशेजारच्या गारव्यात पाय पसरून बसली होती आणि रस पिळायचं सोडून आरामात कोय चोखत होती.